सांगलीच्या बाजारातून रविवारचं ब्रंच : काय घ्यायचं, कसं पारखायचं, कधी चुलीवर चढवायचं

रविवारी साडेदहा-अकराच्या सुमारास पोटभर खायचं आणि मग थेट रात्रीच्या जेवणाचाच विचार करायचा, हा बेत आता सांगलीतल्या बऱ्याच घरांत रुळला आहे. घरातली तरणी मंडळी त्याला ब्रंच म्हणतात. हॉटेलात जाऊन केलं तर ताटात बहुतेक मैदा, बटाटा आणि तेल येतं. तेवढ्याच पैशांत, किंबहुना कमीतच, आपल्या बाजारातून असं ताट उभं राहतं की त्यात शाळूची (रब्बी ज्वारीची) भाकरी असते, पहाटे उपटलेली मेथी असते, म्हशीचं पांढरंशुभ्र लोणी असतं आणि हंगाम असेल तर तासगावची द्राक्षंही असतात. फक्त ते बाजारात शोधावं लागतं, आणि शोधायलाही एक रीत आहे.

माझं सांगणं एवढंच आहे की घरून पदार्थ ठरवून निघू नका, ताटातल्या जागा ठरवून निघा. जागा पाच : पोटाला आधार देणारं धान्य, अंडं किंवा कडधान्य, माळवं म्हणजे भाजीपाला, तोंडी लावायचं आंबट-तिखट आणि शेवटी काहीतरी गोड. त्या दिवशी बाजारात जे सगळ्यांत चांगलं दिसेल ते त्या-त्या जागेवर बसवायचं. ‘मेथीचं थालीपीठच करायचं’ असा हट्ट धरून गेलात की पिवळी पडलेली मेथीही उचलून आणता. ‘एक पालेभाजी हवी’ असं मनात असेल तर शेजारच्या पाटीतला चाकवत दिसतो.

शनिवारची दुपार आणि रविवारची सकाळ

सांगलीचा आठवडा बाजार शनिवारचा, ही या बेतासाठी मोठी सोय. खरेदीचे दोन भाग करा. धान्य, भाजणी, कडधान्य, गूळ, अंडी, वांगी, मिरच्या, आलं-लसूण हे शनिवारीच घ्या. पालेभाजी, कोथिंबीर, दूध आणि लोणी रविवारी सकाळी मंडईतून आणा. खपली गहू असो की मटकी, आदल्या दिवशी भिजत घातल्याशिवाय काही होत नाही. मेथीची पेंडी मात्र रात्रभर पिशवीत राहिली की सकाळी निम्मी निवडून टाकावी लागते.

शनिवारी चारच्या सुमारास निघावं. ऊन उतरलेलं असतं आणि उजेड पुरेसा असतो. दिवे लागल्यावर गर्दी तर वाढतेच, शिवाय विजेच्या उजेडात वांग्याचा तजेला आणि पाल्याचा पिवळेपणा दोन्ही नीट कळत नाहीत. अगदी उठता-उठता भाव उतरतात हे खरं, पण तेव्हा वाट्यात उरलेलं असतं ते दिवसभर लोकांनी चिवडून ठेवलेलं. ज्यांना शनिवारी जमत नाही त्यांनी रविवारी साडेसात-आठला शिवाजी मंडई गाठावी. मग खीर आणि घरी मोड काढायची उसळ वगळून बेत करायचा.

सोबत कापडी पिशव्या तीन-चार असाव्यात. 2018 पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, पण ते सोडलं तरी ओली पालेभाजी, जड वांगी आणि पीठ एकाच पिशवीत कोंबलं की घरी पोचेपर्यंत पाल्याचा चेंदामेंदा होतो. लोण्यासाठी झाकणाचा स्टीलचा डबा आणि अंड्यांसाठी एखादा पसरट डबा घ्या, तळाला कागद अंथरून. सुटे पैसे जवळ ठेवा. क्यूआर कोड आता मिरचीवालीच्या पाटीलाही टांगलेला असतो, पण लोण्याचा गोळा घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या मावशींकडे तो असेलच असं नाही.

कुठून काय येतं

आपल्या जिल्ह्याची एक गंमत अशी की एकाच बाजारात तीन वेगळ्या मुलखांचा माल येऊन बसतो. वाळवा, पलूस, मिरज हा कृष्णाकाठ : काळी जमीन, ऊस, हळद, वांगी, पालेभाज्या, म्हशींचं दूध. जत, आटपाडी, कवठे महांकाळ हा पावसाचा तुटवडा असलेला पूर्वभाग : शाळू, बाजरी, मटकी, आटपाडीची डाळिंबं. आणि पश्चिमेला शिराळा, डोंगराचा आणि भाताचा. म्हैसाळ, टेंभू, ताकारी योजनांचं पाणी पोचायला लागल्यापासून पूर्वभागातही द्राक्षं आणि ऊस दिसतात, त्यामुळे ही विभागणी पूर्वीइतकी काटेकोर राहिलेली नाही. तरीही भाकरीसाठी शाळू घेताना तो पूर्वभागाचा आहे का, हे विचारण्यात अर्थ आहे. कोरडवाहू रानातल्या त्या दाण्याची गोडी वेगळी असते.

घाऊक व्यवहाराच्या जागाही माहीत असाव्यात, म्हणजे उगाच हेलपाटा पडत नाही. हळद, गूळ आणि बेदाण्याचे सौदे वसंतदादा मार्केट यार्डात होतात, फळांचे विष्णुअण्णा फळ मार्केटमध्ये. चार माणसांच्या न्याहारीसाठी तिथं जायची गरज नाही. तिथला माल दुसऱ्या दिवशी मंडईत येतोच.

शेतकरी कोण, व्यापारी कोण

2016 मध्ये राज्यात फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्या आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान सुरू झालं. तेव्हापासून शहरांत शेतकऱ्यांनी थेट विकायचे बाजार वाढले. पण पाटी लावली म्हणून प्रत्येक जण शेतकरी नसतो, आणि आपल्या जुन्या आठवडा बाजारात तर दोघेही मांडीला मांडी लावून बसलेले असतात.

ओळखायचं कसं? स्वतःच्या रानातलं विकणाऱ्याकडे दोन-तीनच जिन्नस असतात. एका बुट्टीत वांगी, शेजारी थोडी मिरची, फडक्यावर शेपूच्या चार पेंड्या. वांगी लहान-मोठी मिसळलेली, मुळांना माती तशीच. ज्याच्याकडे दहा-बारा भाज्या एकसारख्या रचलेल्या आहेत, त्यात बिनहंगामी वाटाणाही आहे आणि मागे क्रेटची चळत आहे, तो माल विकत घेऊन विकणारा. त्यात वाईट काही नाही. कांदा, बटाटा, लसूण त्याच्याकडूनच घ्या, तिथं निवडायला जास्त मिळतं. पालेभाजी, वांगी, मिरची, अंडी आणि लोणी मात्र पहिल्या प्रकारच्या माणसाकडून घ्यावं.

आणि विचारावं. “मावशी, मेथी कधी काढली?” या प्रश्नाला “आज पहाटंच उपाटलीया, ह्ये बघा, दव बी वाळलं न्हाई,” असं म्हणून पेंडी उलटी करून मुळं दाखवली जातात, तेव्हा काम झालं. “ताजीच हाय की” एवढंच उत्तर आलं तर देठ आपणच मोडून बघावा. कट्कन मोडला तर आजचा, वाकला तर कालचा.

पहिली जागा : भाकरी की थालीपीठ

ताटाचा पाया इथंच ठरतो, म्हणून यावर जरा वेळ घालवा.

भाकरी करणार असाल तर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. मालदांडी जातीचा दाणा मोत्यासारखा पांढरा, टपोरा आणि चकचकीत असतो. मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारा, कोंडा-काडी किती उडते ते बघा. मग एक दाणा दातांत धरून फोडा. कटकन फुटून आत पांढरं पीठ दिसलं आणि चावताना गोडसर लागलं तर बिनधास्त घ्या. काळपट डाग असलेले दाणे काढणीच्या वेळी पावसात सापडलेले असतात, त्यांची भाकरी काळसर होते आणि चवही उतरते. जुन्या माणसांकडे अजून मापानं धान्य मिळतं, शेर-चिपट्याच्या हिशोबात. किलोचा भाव विचारून घ्या, म्हणजे तुलना करता येते.

शनिवारी शाळू घेतला तर त्याच संध्याकाळी गिरणीतून दळून आणा. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांच्या पुढे गेलं की त्याची विरी जाते, थापताना कडा फाटतात आणि भाकरी उलटताना तुटते. घरात तसलं जुनं पीठ असेलच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळा, म्हणजे काम भागतं. ताज्या पिठाला कोमट पाणी पुरतं. पण मळण्यात हात आखडता घेऊ नका, तळहाताच्या टाचेनं रगडून गोळा लोण्यासारखा मऊ झाला पाहिजे. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या, पिठाच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची, खालची बाजू नीट भाजली की तवा काढून थेट विस्तवावर फुगवायची.

थालीपीठ सोपं पडतं, विशेषतः ज्यांचा हात भाकरीवर बसलेला नाही त्यांना. बचत गटाच्या बायका भाजणीच्या पुड्या घेऊन बाजारात बसतात. पुडी उघडी असेल तर वास घ्या. भाजलेल्या धण्या-डाळीचा खमंग वास यायला हवा. कच्च्या पिठाचा वास आला तर भाजणी कमी झाली आहे, करपट आला तर जास्त. चिमूटभर जिभेवर ठेवा. कडवट लागली तर तिथंच परत करा, कांदा-मेथी घालून तो कडूपणा जात नाही. आत काय-काय घातलं आहे हे विचारा. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद डाळ, धणे, जिरे ही नावं भरभर सांगणारीनं ती स्वतः भाजलेली असते.

चार जणांना भाजणी तीन वाट्या घ्या. त्यात बारीक चिरलेले दोन कांदे, दोन मुठी मेथी किंवा कांद्याची पात, कोथिंबीर, तिखट, हळद, मीठ, चमचाभर तीळ. कांद्याला मीठ चोळून पाच मिनिटं ठेवलं की पाणी सुटतं, त्यातच आधी भाजणी मिसळा आणि मग लागेल तसं पाणी घाला. ओल्या फडक्यावर थापून मधे आणि भोवती भोकं पाडा, भोकांत तेल सोडा, झाकण ठेवून मंद आचेवर होऊ द्या. घाईनं मोठी आच केली की बाहेरून काळं आणि आतून गिच्च होतं.

शिराळ्याकडचा तांदूळ मिळाला तर आंबोळीचाही विचार करा, पण त्याचं पीठ शनिवारीच भिजवून आंबवायला ठेवावं लागेल.

दुसरी जागा : अंडी किंवा उसळ

गावरान अंड्यांच्या नावावर बाजारात बरंच काही खपतं. कवचाच्या रंगावर जाऊ नका. तो कोंबडीच्या जातीवर असतो, तपकिरी म्हणजे गावरान असं नाही. घरच्या कोंबड्यांची अंडी आकारानं लहान-मोठी असतात, रंगही एकसारखा नसतो, आणि विकणाऱ्याकडे ती पंधरा-वीसच असतात. एकाच मापाची, एकाच रंगाची तीस-तीस अंडी ट्रेमध्ये मांडलेली असली तर ती कुठल्या घरच्या परसातली हे विचारायला हरकत नाही. घरी आणल्यावर भांडंभर पाण्यात सोडा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. जुनं होत जातं तसं आतली हवेची पोकळी वाढते आणि ते उभं राहतं. तरंगलं तर फेकून द्या. ठेवायची अंडी धुऊ नका, कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो आणि ती लवकर खराब होतात. फोडायच्या आधी धुतली की पुरे. भुर्जी करायची तर कांद्याऐवजी कांद्याची पात वापरून बघा, पांढरा भाग आधी परतायचा आणि हिरवा अगदी शेवटी.

अंडं न खाणाऱ्या घरात मटकीची उसळ. हिशोब असा : शनिवारी बाजारातून येताच मटकी भिजत घातली आणि रात्री झोपताना फडक्यात बांधली तर मार्च ते मे या उन्हाळ्यात सकाळपर्यंत छान मोड येतात. थंडीत येत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत एक दिवस आधी, शुक्रवारी भिजत घाला, नाहीतर मोड आलेली विकत घ्या. विकतची घेताना मूठभर नाकाशी न्या. आंबूस वास किंवा बोटांना चिकट बुळबुळीतपणा जाणवला तर नको. मोड पांढरे आणि टरटरीत असावेत, टोकाला तपकिरी झाले असतील तर ती दोन दिवसांची आहे. कच्ची न खाता नीट वाफवूनच खा, मोडाच्या ओलाव्यात जंतूही वाढतात. उसळीत कांदा-लसूण चटणी घाला, आणि पाणी बेताचंच ठेवा. भाकरीबरोबर खायची आहे, मिसळ करायची नाही.

तिसरी जागा : माळवं

कृष्णाकाठच्या वांग्यांबद्दल इथल्या माणसाला सांगायला नको. मात्र पारखायला अजूनही बरेच जण चुकतात. आधी देठाकडे बघा. देठ आणि टोपी हिरवीगार, काटे बोटाला टोचणारे असले तर वांगं नुकतंच तोडलेलं. टोपी तपकिरी आणि काटे मऊ पडलेले असतील तर ते दोन-तीन दिवस फिरलेलं आहे. मग साल : तजेलदार, ताणलेली. अंगठ्यानं हलकं दाबलं तर खळगा पडून परत वर यायला हवा. दाबूनही दबत नसेल आणि रंग निस्तेज झाला असेल तर वांगं जून, आत बियाच बिया. बारीक भोक दिसलं की समजा, वांगं किडलेलं आहे.

भरीत करायचं तर मोठी वांगी घ्या आणि भाजण्याआधी देठ न तोडता चार उभ्या चिरा द्या. आत अळी नाही ना हे तेव्हाच कळतं आणि आगीवर वांगं फुटतही नाही. तेलाचा हात लावून गॅसवर किंवा शक्य असेल तर निखाऱ्यावर भाजा. सालीवर करपट पापुद्रा सुटला आणि देठाजवळ सुरी सहज शिरली की झालं. झाकून पाच मिनिटं ठेवलं की साल आपसूक निघते. कच्चा कांदा, कोथिंबीर, भाजलेल्या शेंगदाण्यांचं भरड कूट, मीठ आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी. एवढंच. टोमॅटो घातला की भाजल्याचा वास मरतो, असं माझं ठाम मत आहे.

पालेभाज्यांत थंडीत चाकवत, मेथी, करडई आणि हरभऱ्याचा कोवळा पाला असतो. हरभऱ्याच्या पाल्याची सुकी भाजी भाकरीबरोबर खाल्ली नसेल तर यंदा नक्की करा. शेंडे नखानं खुडता आले तरच तो कोवळा. तोडताना हाताला आंबट चिकट लागतं, तीच त्याची खरी चव, म्हणून धुताना फार चोळू नका. उन्हाळ्यात अंबाडी, चुका, घोळ. पावसाळ्यात पाला फार चिखलाचा येतो, आणि कृष्णेला पूर आला की काठावरची रानं पाण्याखाली जातात. 2005, 2019 आणि 2021 ला आपण ते पाहिलं आहे. त्या दिवसांत पूर्वभागातून येणाऱ्या शेंगभाज्या, दोडका, घेवडा यांच्यावर भर द्या. पालेभाजी घेतलीच तर मिठाच्या पाण्यात बुडवून, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून काढून घ्या.

चौथी जागा : लोणी, दही, खरडा

लोणी घेऊन बसणाऱ्या बायका आता कमी झाल्या आहेत, पण सकाळी लवकर गेलात तर सापडतात. पाण्याच्या पातेल्यात गोळा, वर ओलं फडकं. म्हशीचं लोणी पांढरं असतं, गाईचं पिवळसर. ‘म्हशीचं’ म्हणून कोणी पिवळंधमक लोणी देत असेल तर शंका घ्या. वाटाण्याएवढं बोटावर घेऊन चोळा. खरं लोणी अंगाच्या उबेनं विरघळतं आणि पाण्याचे बारीक थेंब सुटतात. मेणासारखं बोटाला लिंपून राहिलं तर त्यात वनस्पती तूप असल्याची शंका घ्या. थोडा आंबूस वास चालतो, तो ताकाचाच. खवट वास चालत नाही. घरी आणून गार पाण्यात ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.

नाहीच मिळालं तर आठवडाभराची साय शनिवारी रात्री विरजा आणि सकाळी गार पाणी घालून घुसळा. लोणीही होतं आणि ताकही.

दही शनिवारी रात्रीच लावा. सुटं दूध आणाल तर आधी उकळी येऊ द्या, मग बोट सोसेल इतकं कोमट झाल्यावर विरजण.

खरड्यासाठी हिरव्या मिरच्या मध्यम तिखट घ्या, निव्वळ लवंगी नको. तव्यावर चमचाभर तेलात मिरच्या आणि भरपूर लसूण डाग पडेपर्यंत परता, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि मीठ टाका आणि तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडा. मिक्सरमध्ये फिरवला की त्याची चटणी होते. खरडा भरडच हवा, एका घासात मिरची आणि पुढच्या घासात दाणा लागेल असा.

जानेवारी ते मार्च बाजारात ओली हळद येते. शेजारच्या हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवलेल्या आणि 2018 मध्ये हळदीसाठी भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या माणसानं निदान एकदा तरी ओल्या हळदीचं लोणचं ताटात वाढावं. कंद मोडून बघा, आत गर्द केशरी रंग पाहिजे. फिकट आणि कैरीसारखा वास येणारी ती आंबेहळद. तीही चांगली, पण वेगळी. पाव किलो हळद आणि निम्मं आलं किसून त्यात तीन-चार लिंबांचा रस आणि मीठ घाला. तासाभरात खाण्याजोगं होतं. किसण्याआधी हाताला तेल लावा, नाहीतर आठवडाभर बोटं पिवळी राहतात.

पाचवी जागा : गोड

सगळ्यांत आधी खपली गव्हाची खीर. खपलीचा दाणा लांबट आणि तांबूस असतो, टरफल घट्ट चिकटलेलं. खिरीसाठी सडलेली, म्हणजे कांडून टरफल काढलेली खपली मागा, म्हणजे घरी कांडायचं काम वाचतं. एक वाटी खपली रात्री भिजत घाला, सकाळी चौपट पाणी घालून कुकरमध्ये सात-आठ शिट्ट्या घ्या, मग जरा घोटून गूळ घालून शिजवा. ओलं खोबरं, वेलदोडा आणि मूठभर बेदाणे. दूध मात्र गॅस बंद करून खीर निवल्यावर घाला. उकळत्या गुळात दूध पडलं की फाटतं.

गूळ घेताना फिकट पिवळ्या, चकचकीत ढेपेच्या मोहात पडू नका. तो रंग आणायला बऱ्याचदा हायड्रोस नावाचं रसायन वापरतात. तपकिरी, जरा ओलसर आणि चव घेतल्यावर खारट न लागणारा गूळ चांगला. गळीत हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, गुऱ्हाळाची काकवी बाटलीत मिळते. गरम थालीपिठावर लोणी आणि काकवी घालून दिलं तर मुलं दुसरं काही मागत नाहीत. बेदाणाही आपल्याच जिल्ह्याचा, 2016 मध्ये त्यालाही मानांकन मिळालं.

खीर करायला वेळ नसेल तर फळ. द्राक्षं तोडल्यानंतर गोड होत नाहीत, म्हणून चव घेतल्याशिवाय घेऊ नका. जानेवारीच्या सुरुवातीला घाईनं तोडलेला माल आंबट निघतो. ऊन वाढतं तसा फेब्रुवारी-मार्चमध्ये गोडवा भरतो. घडाचा देठ हिरवा, मणी घट्ट आणि अंगावर पांढुरका पातळ थर असावा. तो थर द्राक्षाचा स्वतःचाच असतो. देठाशी निळसर-पांढरे थेंब वाळलेले दिसले तर तो फवारणीचा अंश. घरी आणल्यावर मीठ किंवा खायचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून धुवा.

अकराला ताट मांडायचं तर

समजा फेब्रुवारीतला रविवार आहे आणि बेत ठरला आहे तो असा : शाळूची भाकरी, वांग्याचं भरीत, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी, भुर्जी, खरडा, लोणी, दही, खपलीची खीर.

शनिवारी रात्री खपली भिजली आहे, दही लागलं आहे, पीठ दळून आलं आहे. सकाळी सव्वासातला घरातून निघा, आठ-सव्वाआठपर्यंत पाला, कोथिंबीर आणि लोणी घेऊन परत. आल्या-आल्या कुकर चढवा, कारण सगळ्यांत जास्त वेळ खपलीला लागतो. ती शिजते तोवर घरातल्या दोघांनी पाला निवडायला बसावं. हे काम एकट्यावर टाकलं तर अकराचे साडेबारा होतात. नऊला कुकर उतरवून खीर गुळात रटरटायला ठेवा, दुसऱ्या बाजूला वांगी भाजायला घ्या. साडेनऊला भाजी फोडणीला टाका, पावणेदहाला खरडा. सव्वादहापर्यंत भरीत कालवून होतं. मग एका शेगडीवर भाकऱ्या सुरू करा. भाकरी आधी करून डब्यात ठेवली की तिचा पापुद्रा मऊ पडतो, म्हणून ती शेवटीच. भुर्जी तर सगळे पाटावर बसल्यावर.

करणाऱ्या माणसाला तव्यावरून उतरलेली भाकरी शेवटी एकट्यानं खायला लागू नये याची सोय आधीच करा. पहिल्या चार भाकऱ्या एकानं थापल्या तर पुढच्या चार दुसऱ्यानं.

हंगाम बदलला की

डिसेंबर-जानेवारीत कोवळा हुरडा मिळाला तर भाकरी बाजूला ठेवून तोच भाजा आणि सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. एप्रिल-मेमध्ये खीर नको वाटते. तेव्हा रात्री भिजवलेल्या पिठाची गार आंबील किंवा ताक, कैरीची चटणी आणि आंबा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओल्या भुईमुगाच्या शेंगा येतात, मिठाच्या पाण्यात उकडून मधोमध ठेवा, गप्पा आपोआप लांबतात. दिवाळीच्या आसपास सीताफळ. डोळे रुंद झालेलं, फटींत पांढरट-पिवळसर दिसणारं घ्या, ते रविवारपर्यंत पिकतं.

पाहुणे ऐनवेळी वाढले तर घाबरायचं कारण नाही. येताना पाव किलो चुरमुरे आणि लसूण जास्तीचा आणलेला असावा. तेलात लसूण, शेंगदाणे, कढीलिंब, मीठ-तिखट घालून परतलेलं भडंग दहा मिनिटांत होतं, आणि भाकऱ्या पूर्ण होईपर्यंत मंडळी त्यावर टिकतात. उरलेल्या भाकऱ्या संध्याकाळी कुस्करून ताकात फोडणीला टाका. भरीत त्याच दिवशी संपवा, त्यातला कच्चा कांदा दुसऱ्या दिवशी वास मारतो. खीर फ्रिजमध्ये सोमवारपर्यंत चांगली राहते, फक्त घट्ट होते, तेव्हा थोडं गार दूध घालून ढवळून घ्या.